कॅसेट काढा, पुसा, परत लावा : जुन्या व्हिडिओ गेमबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात ९० च्या दशकातल्या टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमबद्दल प्रश्न मागवले होते. पत्रं, मेल, व्हॉट्सॲप सगळीकडून आले आणि जवळजवळ प्रत्येकाने शेवटी एकच ओळ लिहिलीये, की तो गेम कोणी बनवला होता हो? आपल्याकडे मिळणाऱ्या कॅसेटींवर बनवणाऱ्याचं नाव नसायचंच, बऱ्याचदा गेमच्या पहिल्या स्क्रीनवरूनही ते पुसलेलं असायचं, त्यामुळे आपली अख्खी पिढी हे गेम खेळली पण ज्यांनी बनवले त्यांची नावं आपल्यापर्यंत पोचलीच नाहीत. मला हे फार लागतं, म्हणून या वेळी उत्तरांमध्ये जिथे जमेल तिथे नावं देतेय.

प्रश्न : माळ्यावर जुना व्हिडिओ गेम सापडला, रिमोट दोन्ही आहेत, पण अडॅप्टर हरवलाय. घरात आता एलईडी टीव्ही आहे. चालेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : चालू शकतो, पण आधी एक काम करा, घरातला मिळेल तो अडॅप्टर त्यात खुपसू नका. या मशीनचं मूळ म्हणजे निन्टेंडो कंपनीचा फॅमिकॉम, जपानमध्ये जुलै १९८३ ला आला, आणि आपल्याकडचे जवळपास सगळे डबे हे त्याचीच नक्कल. मूळ फॅमिकॉमच्या अडॅप्टरला १० व्होल्ट डीसी लागतात आणि पिनच्या आतल्या बाजूला मायनस असतो, बाहेर प्लस. राउटरच्या अडॅप्टरला बहुतेक वेळा बरोब्बर उलटं असतं. नक्कल मशीनमध्ये काहींना ९ व्होल्ट, काहींना उलटी पोलॅरिटी, एकसारखं काहीच नाही, म्हणून सॉकेटजवळ किंवा डब्याच्या खाली काय छापलंय ते बघा आणि छापलेलं नसेल तर टीव्ही-रेडिओ रिपेअर करणाऱ्याकडे घेऊन जा, तो उघडून दोन मिनिटांत सांगेल. आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो, तो ५ व्होल्ट करून देतो, तो आणि फुगलेले कपॅसिटर एवढंच बहुतेक वेळा बदलावं लागतं आणि हे पार्ट फार स्वस्त आहेत.

टीव्हीला जोडताना, मागे पिवळं सॉकेट असेल तर पिवळी वायर व्हिडिओची आणि दुसरी आवाजाची, सरळ एव्हीमध्ये लावा. नव्या टीव्हीला कधीकधी एव्हीसाठी हेडफोनसारखं एकच भोक असतं, त्याची वेगळी वायर मिळते. फक्त अँटेनाची वायर असेल तर टीव्हीला अॅनालॉग चॅनेल सर्च करायला लावा, गेम चालू ठेवून, डिजिटल सर्चमध्ये तो सापडणार नाही. चित्र आलं पण काळं-पांढरं आलं तर घाबरू नका, मशीन एनटीएससी आणि टीव्ही पालवर (या रंगाच्या सिग्नलच्या दोन वेगळ्या पद्धती) अडकलेला असतो किंवा उलट, सेटिंगमध्ये कलर सिस्टिम ऑटो करून बघा.

हे मशीन डिझाइन करणाऱ्या टीमचे प्रमुख होते मासायुकी उएमुरा, २०२१ च्या डिसेंबरमध्ये गेले. आत १.७९ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि कामाची मेमरी फक्त २ केबी. एवढ्यावर आपल्या सगळ्यांच्या मे महिन्याच्या सुट्ट्या गेल्यात.

प्रश्न : कॅसेट चालली नाही की आम्ही फुंकर मारायचो आणि चालायची. फुंकरेने खरंच काय होत होतं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : फुंकरेने काही होत नव्हतं, कॅसेट काढून परत लावण्याने होत होतं. कॅसेटच्या खालच्या पट्टीवर तांब्यासारख्या चमकणाऱ्या रेघा दिसतात ना, त्या स्लॉटमधल्या पिनांना नीट टेकल्या की गेम चालू. परत लावताना त्या किंचित वेगळ्या जागी टेकतात, घासल्या जातात आणि काम होतं. फुंकर मारली की थुंकीतला ओलावा त्यावर बसतो आणि कालांतराने त्या रेघा काळ्या पडतात. निन्टेंडोने स्वतः सांगितलं होतं की फुंकू नका. आता काय करायचं तर मेडिकलमध्ये किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, इअरबड त्यात बुडवून पट्टी पुसायची, दोन-तीन बड काळे होतील, मग स्वच्छ निघेल तोवर पुसायची, पूर्ण वाळू द्यायची आणि मग लावायची. फारच काळी पडली असेल तर साध्या खोडरबराने अगदी हलक्या हाताने. पॉलिश पेपर लावू नका, वरचा थर निघून जातो.

कॅसेट उघडली तर आत चौकोनी चिपऐवजी काळ्या लाखेसारखा एक गोळा दिसेल, त्याला हात लावू नका, त्याखालीच चिप आहे. स्वस्तात बनवायची ती पद्धत होती आणि त्या गोळ्याच्या आत बिघाड झाला तर दुरुस्ती नाही.

प्रश्न : "९९९९९९९ इन १" कॅसेटमध्ये इतके गेम कसे काय मावायचे? लहानपणी मी खाली खाली जात राहायचो, लिस्ट संपायचीच नाही. (एक वाचक, बार्शी)

उत्तर : मावायचे नाहीत. आत खरे गेम मोजकेच, आणि लिस्टमध्ये तेच परत परत. फरक एवढाच की काही वेळा तोच मारिओ दुसऱ्या वर्ल्डपासून चालू व्हायचा, कॉन्ट्रा (तो गोळ्या झाडत पुढे जायचा गेम) वेगळ्या स्टेजपासून किंवा जास्त लाइफ घेऊन, आणि नाव वेगळं दिलेलं असायचं. मेन्यूच्या मागे समुद्रकिनारा आणि उडणारे पक्षी असलेली कॅसेट तर घराघरात होती.

पण त्यातला जो एक मारिओ होता त्याच्याबद्दल बोलूया, कारण तो कसा मावला हा खरा प्रश्न आहे. सुपर मारिओ ब्रदर्स १९८५ चा, शिगेरु मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांचा, म्युझिक कोजी कोंदोचं. अख्खा गेम, ३२ स्टेज, सगळी चित्रं, सगळं म्युझिक धरून ४० केबी. तुमच्या मोबाइलवरचा एक साधा फोटो यापेक्षा पन्नास पट तरी मोठा असतो. मग जागा वाचवायला काय काय केलंय बघा, आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप ही दोन्ही एकच आकृती आहे, फक्त रंग बदललाय, एकदा कळलं की मग तेच दिसत राहतं. कानही देऊन ऐका, आवाजासाठी मोजून पाच चॅनेल आहेत, त्यामुळे मारिओ उडी मारतो तेव्हा त्या "टुईंग" साठी म्युझिकमधला एक चॅनेल तेवढ्यापुरता बाजूला सारला जातो आणि उडी संपली की परत येतो. आपण इतका वेळ ऐकूनही हे लक्षात आलं नाही म्हणजे कोंदोने ते किती बेमालूम बसवलं असेल विचार करा.

याच कॅसेटींमध्ये बलून फाइट असायचा, दोन फुग्यांना लटकलेला माणूस आणि खाली गिळणारा मासा. तो प्रोग्रॅम केला सातोरु इवाता यांनी, जे पुढे अख्ख्या निन्टेंडोचे प्रेसिडेंट झाले, २०१५ ला गेले. आपल्याकडे त्या गेमवर त्यांचं नाव कधी कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. बॉम्बरमॅन हडसनचा, १९८५ चा, शिनिची नाकामोतोंचा, त्याच्या ५० स्टेज आहेत आणि शेवटच्या स्टेजनंतर बॉम्बरमॅन माणूस होतो आणि त्याच कंपनीने फॅमिकॉमवर आणलेल्या लोड रनरमधला पळणारा गडी बनतो. हे आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलं असणार, कारण तिथपर्यंत जेवायची हाक यायची.

प्रश्न : कॉन्ट्रामध्ये गोळ्या खूप झाल्या की माणसं लुकलुकायची, अर्धी गायब व्हायची. मशीन खराब होतं का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : नाही, चांगलं होतं. पडद्यावरच्या एका आडव्या रेघेत हे मशीन ८ च हलत्या आकृत्या दाखवू शकतं, आणि आकृती म्हणजे अख्खा माणूस नव्हे, त्याचा एक छोटा तुकडा. नववा आला की तो दिसतच नाही. मग प्रोग्रॅमर काय करायचे, प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक चित्राला, क्रम बदलायचे, म्हणजे कायमचा एकच गायब न होता सगळे आळीपाळीने गायब व्हायचे, ती लुकलुक.

प्रश्न : बदकं मारायचा गेम, गनवाला. नव्या टीव्हीवर एकही बदक मरत नाही. गन खराब की टीव्ही? आणि तो कुत्रा खरंच मारता येतो का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : दोन्ही चांगले आहेत पण त्यांचं जमणार नाही. डक हंट १९८४ चा. गनमधून काही सुटत नाही, उलट गन बघते. नळीत भिंगामागे प्रकाश ओळखणारा सेन्सर आहे. तुम्ही चाप ओढला की एक फ्रेम सगळा पडदा काळा होतो आणि पुढच्या फ्रेमला फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. आधी अंधार आणि लगेच उजेड असं दोन्ही दिसलं तरच बदक पडतं. दोन बदकं असतील तर चौकोन एकामागून एक येतात, त्यावरून कोणतं लागलं ते कळतं. नीट बघितलंत तर तो लखकन होणारा पांढरा चौकोन आठवेल. म्हणून बल्बकडे गन धरून फसवता येत नाही, बल्ब त्या काळ्या फ्रेमलाही उजेडच देतो.

आता अडचण अशी की जुन्या टीव्हीत चित्र एका किरणाने ओळ-ओळ रंगवलं जायचं, सेकंदाला पंधरा हजारांच्या वर ओळी, आणि गन नेमकं तेवढं वेगात लुकलुकणारं चित्र ओळखायलाच जुळवलेली आहे. एलईडी टीव्हीचा उजेड तसा नसतो, शिवाय तो चित्र थोडं उशिरा दाखवतो, तोवर गनचं बघून झालेलं असतं. सेटिंग बदलून हे जमत नाही. गल्लीतल्या टीव्ही रिपेअरवाल्याकडे डब्बा टीव्ही पडलेला असतो, तोच आणा, गन त्यावर आजही चालते.

कुत्रा घरच्या गेममध्ये मारता येत नाही, गेम पार्लरच्या मशीनवरच्या आवृत्तीत त्याला गोळी लागते. पण तुम्हाला याहून चांगली गोष्ट सांगते, एका बदकाच्या गेममध्ये गनसोबत रिमोटही घेतला तर त्या रिमोटने बदक उडवता येतं! म्हणजे एकाने उडवायचं आणि दुसऱ्याने मारायचं. मॅन्युअलमध्ये होतं हे, पण आपल्या डब्यांसोबत ते मॅन्युअल यायचंच नाही, आणि हे कळल्यापासून मला सारखं वाटतं की किती भावंडांचा रिमोट उगाच बाजूला पडून राहिला.

आणि एक. उएमुरा निन्टेंडोत येण्याआधी शार्प कंपनीत सोलर सेल विकायचे, ते निन्टेंडोने खेळण्यातल्या प्रकाशाच्या बंदुकीसाठी घेतले, तिथून हा माणूस निन्टेंडोत आला आणि पुढे फॅमिकॉम बनवला.

प्रश्न : दोन गोष्टींवरून आमच्या मित्रांमध्ये अजून भांडण आहे. कॉन्ट्राचा ३० लाइफचा कोड आणि मारिओतलं "मायनस वर्ल्ड". खरं की अफवा? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दोन्ही खरं. कॉन्ट्रा कोनामी कंपनीचा, पार्लरमध्ये १९८७, घरच्या मशीनवर १९८८. टायटल स्क्रीनवर वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए आणि स्टार्ट, दोघं खेळणार असाल तर स्टार्टच्या आधी सिलेक्ट. हा कोड मुळात कॉन्ट्रासाठी नव्हताच. काझुहिसा हाशिमोतो १९८६ ला ग्रेडियस नावाचा विमानाचा गेम घरच्या मशीनसाठी करत होते, टेस्टिंग करताना तो त्यांना स्वतःलाच फार अवघड जात होता म्हणून त्यांनी स्वतःसाठी सगळ्या पॉवर देणारा कोड घातला आणि तो गेममध्ये तसाच राहिला. पुढे कोनामीच्या कितीतरी गेममध्ये तोच आला. हाशिमोतो फेब्रुवारी २०२० मध्ये गेले. आपल्याकडे बऱ्याच कॅसेटींच्या मेन्यूतच ३० लाइफवाला कॉन्ट्रा वेगळा असायचा, म्हणून काहींना कोड लागलाच नाही आणि ते मित्रांना खोटं ठरवायचे. भांडणाचं कारण हेच असणार.

मायनस वर्ल्ड, १-२ च्या (पहिल्या वर्ल्डच्या दुसऱ्या स्टेजच्या) शेवटी, पाइपच्या वरच्या विटा फोडायच्या, एक कडेची ठेवायची, आणि पाइपच्या कडेवर उभं राहून वाकून मागे तोंड करून अशी उडी मारायची की मारिओ भिंतीतून सरकत पलीकडे जातो. तिथे वॉर्प झोनची (थेट पुढच्या वर्ल्डला नेणाऱ्या पाइपांच्या जागेची) अक्षरं यायच्या आधी पहिल्या पाइपमध्ये शिरायचं. गेमला अजून पुढचा नंबर मिळालेला नसतो म्हणून तो ३६ नंबरच्या वर्ल्डला जातो, ३६ व्या जागी असलेलं चित्र म्हणजे रिकामी जागा, म्हणून स्क्रीनवर नुसतं "-१" दिसतं. पाण्यातली स्टेज आहे, शेवटच्या पाइपात शिरलं की परत सुरुवातीला. ती संपत नाही, वेळ संपून मरायचंच.

तुम्ही विचारलं नाहीये पण सांगून ठेवते, मारिओ मेल्यावर टायटल स्क्रीनवर ए दाबून धरून स्टार्ट दाबा, ज्या वर्ल्डमध्ये मेलात त्याच वर्ल्डच्या पहिल्या स्टेजपासून चालू होतं. हे माहीत नसल्याने महाराष्ट्रभर पोरांनी १-१ किती वेळा खेळला असेल! आणि ३-१ च्या शेवटच्या पायऱ्यांवर कासवाच्या पाठीवर उड्या मारून लाइफ वाढवत असाल तर १२७ वर थांबा, त्यापुढे गेमच्या हिशोबाने तो आकडा उणे होतो आणि पुढच्या वेळी मेलात की थेट गेम ओव्हर.

प्रश्न : आई सतत म्हणायची गेमने टीव्हीची पिक्चर ट्यूब जाईल. आता मीच आई आहे. त्यात काही तथ्य होतं का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : थोडं होतं. जुन्या ट्यूबवर एकच स्थिर चित्र खूप काळ ठेवलं तर त्याचा डाग कायमचा उमटतो, पार्लरमधल्या पॅकमॅन मशीनच्या काचेवर तर मशीन बंद असतानाही भुलभुलैयाच्या रेघा दिसायच्या. पण ते दिवसाचे कित्येक तास वर्षानुवर्षं चालल्यावर. घरी दुपारी दोन तास खेळल्याने ट्यूब जात नाही. पॉज करून जेवायला गेलो आणि विसरलो, एवढंच टाळायचं. आईंचा मुद्दा एका बाबतीत मात्र बरोबर, अँटेनाची वायर रोज काढून-लावून सॉकेट सैल व्हायचं आणि मग बातम्यांना मुंग्या.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असते. इथे सेकंडहँड दुकानात मारिओची ओरिजिनल कॅसेट मिळाली, पुण्याच्या घरच्या मशीनमध्ये बसेना. (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : बसणारच नाही. अमेरिकेत १९८५ ला आलेल्या मशीनची कॅसेट मोठी, ७२ पिनांची. जपानची आणि आपली ६० पिनांची. मध्ये लावायचा कन्व्हर्टर मिळतो, ७२ ते ६० असा मागा, उलटाही मिळतो म्हणून नीट बघून घ्या. पुण्यातल्या मशीनला हाच लागेल.

प्रश्न : माझ्या मावसभावाकडे सेगा होतं, आम्ही त्याला श्रीमंत समजायचो. खरंच इतकं महाग होतं का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : होतं. सेगाचं मेगा ड्राइव्ह, १६ बिटवालं, सोनिकवालं, भारतात १९९५ ला शॉ वॉलेस कंपनीमार्फत अधिकृतपणे आलं आणि किंमत १८,००० रुपये. बाहेरून आणायचं तर आयात कर ८० टक्के. त्या काळात कितीतरी घरांत महिन्याचा पगार त्याच्या जवळपासही नव्हता. म्हणून मला नक्कल डब्यांबद्दल नुसतं वाईट बोलता येत नाही. त्यांनी कारागिरांची नावं पुसली हे चूकच, पण बार्शी-लातूरच्या पोराच्या हातात रिमोट दिला तो त्यांनीच, कारण सरळ रस्त्याने तो आपल्यापर्यंत येण्यासारखा नव्हताच.

प्रश्न : मुलाला (इयत्ता सहावी) हे गेम दाखवायचेत, पण डाउनलोड करणं चोरी आहे म्हणतात. मग कुठे खेळायचे? आणि एवढे अवघड का होते? (एक वाचक, सातारा)

उत्तर : कोणीतरी टाकलेल्या साइटवरून फाइल उतरवणं कायद्यात बसत नाही, गेम कितीही जुना असला तरी हक्क कंपनीकडेच आहेत. पण आता बरेच गेम विकत मिळतात. कॉम्प्युटरवर स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात कोनामीचं कॉन्ट्रा अॅनिव्हर्सरी कलेक्शन आहे, २०१९ चं, त्यात आपलाच कॉन्ट्रा आहे. टँकवाला गेम म्हणजे नामकोचा बॅटल सिटी, १९८५ चा, तो नामको म्युझियम आर्काइव्ह्जच्या दुसऱ्या भागात मिळतो. मुलासाठी मी तर इथूनच सुरुवात करेन, दोघांना एकत्र खेळता येतो, मध्ये गरुडाचं चिन्ह वाचवायचं, आणि मेन्यूत कन्स्ट्रक्शन आहे, त्यात स्वतः विटा-पाणी मांडून आपली स्टेज बनवता येते. मारिओ मात्र निन्टेंडोच्याच मशीनवर.

अवघड का, तर गेम छोटे होते म्हणून. ४० केबीत किती स्टेज बसवणार, मग त्या पटकन संपू नयेत म्हणून अवघड करायच्या, शिवाय यातले बरेच पार्लरमधून आले आणि तिथे नाणं परत पडायला हवं म्हणून माणूस लवकर मरायला लागायचा. घरच्या बहुतेक कॅसेटींत गेम सेव्ह होत नव्हता. मुलगा दहा मिनिटांत कंटाळला तर रागावू नका, शेजारी बसा आणि एक लाइफ त्याची, एक तुमची असं खेळा. त्याला गोडी लागली तर मायक्रो मेजेस नावाचा गेम दाखवा, २०१९ मध्ये लोकांनी याच जुन्या मशीनसाठी नव्याने लिहिलाय, चौघांना एकत्र खेळता येतो आणि बसवलाय मुद्दाम त्याच ४० केबीत.

प्रश्न : घर आवरतेय. तीन डबे आणि पिशवीभर कॅसेटी आहेत. भंगारवाला किलोवर मागतोय. देऊ का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : प्लीज देऊ नका! आधी प्रत्येक कॅसेट वर सांगितल्याप्रमाणे पुसून लावून बघा. जी चालेल तिच्यात खरे कोणते गेम आहेत ते कागदावर लिहून तो कागद कॅसेटला रबरने बांधा, लेबलवर विश्वास ठेवू नका, ते कशाचंही असतं. कोकणातल्या हवेत पिना हिरव्या पडतात म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, पावसाळा संपला की पुड्या बदला. बंद पडलेला डबाही टाकू नका, त्याचा कॅसेटचा स्लॉट आणि रिमोटची बटणाखालची रबरं दुसऱ्या डब्याला लागतात. तरीही जागाच नसेल तर तुमच्या गावच्या आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना विचारा, किंवा मला इथे कळवा, वर सांगलीच्या वाचकांना एक चालू अडॅप्टर हवाच आहे.